हजर झाले म्हणा

केवळाबाईला राग यायचा, दिवसातून वीस वेळा यायचा, पण ‘मला राग आला’ असं म्हणायची तिच्या घरात सोय उरली नव्हती. रागाचं सोडा. कंटाळा आला, ताप आला, गाय घरी आली, लिंबाला मोहोर आला, यातलं काहीच त्या घरात तोंडातून काढायचं नाही असा दंडक होता. निजामाच्या मुलखात त्या साली माणसाला बंधनं काय कमी होती? चार माणसांनी एकत्र बसायचं तर वर्दी द्यायची, झेंड्याचं नाव काढायचं नाही, ज्वारीचं पोतं या गावातून त्या गावात न्यायचं नाही. मुखेडपासून चार कोसांवरच्या बोरखडीत केवळाबाईच्या घरानं त्यात आपलं आपण आणखी एक घालून घेतलं होतं. ‘आलं’ म्हणायचं नाही. काढ्यात टाकायचं आलंसुद्धा तिथं ‘ती मुळी’ झालं होतं.

याला कारण तिचा नवरा दगडोबा.

दगडोबा नावासारखाच माणूस, निदान मागच्या कार्तिकापर्यंत तरी. हाडापेरानं मजबूत, बोलायला कंजूष. कुणाच्या घरात साप निघाला की लोक आधी त्याला हाक मारायचे. केवळाबाई बिलोलीकडची, नवव्या वर्षी लग्न होऊन या घरात पडलेली, आणि तोंडानं इतकी फटकळ की सरकारच्या सक्तीच्या लेव्हीचं धान्य न्यायला आलेल्या कारकुनालाही तिनं ‘पोटाला टाके पडतील तुझ्या’ असं ऐकवलं होतं. ती बोलायची आणि तो ऐकायचा, असा त्यांचा वीस वर्षांचा सुखाचा संसार. चार लेकरांतली तीन देवानं नेली होती. उरली ती सिंधु, पंधरा सरून सोळावं लागलेली.

कार्तिकात दगडोबा बैलांचे कासरे घ्यायला बहिणीच्या गावच्या बाजाराला गेला. ते गाव उदगीर अंगाला, मोठ्या बाजाराचं. नेमके त्याच दिवशी तिथं रझाकार शिरले. ‘आले रे आले’ अशी आरोळी उठली आणि बाजार फुटला, एवढंच बोरखडीपर्यंत पोचलं. तिसऱ्या दिवशी दगडोबा पायी घरी परतला. अंगावर ओरखडा नव्हता. कासरे मात्र आणले नव्हते. केवळाबाईनं देवापुढं गुळाचा खडा ठेवला आणि सुटलो म्हणाली.

चौथ्या दिवशी शेजारीण गुरम्मा कुंपणावरून ओरडली, “केवळाबाई, गाई आल्या बघा!” दगडोबा जेवायला बसला होता. ताट एकीकडं उडालं, तांब्या एकीकडं. त्यानं सिंधुचा दंड धरला, तिला फरफटत अंगणात नेलं, पेवाचं तोंड उघडून तिला आत सोडलं, वर फरशी सरकवली आणि कुऱ्हाड घेऊन फरशीवर बसला.

पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खणलेली कोठी. तोंड माणूस जेमतेम मावेल एवढं आणि खाली पुरुषभर खोल पोट. लेव्हीवाले ज्वारी घेऊन गेल्यापासून ते रिकामंच होतं. बंद पेवातली हवा काय असते हे या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पेव उघडलं की अर्धा दिवस तसंच ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा, कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही. ज्या माणसानं जन्मभर असे कंदील सोडून पाहिले, त्यानंच त्या भोकात पोटची पोर घातली होती. आळीतल्या चौघांनी मिळून त्याला बाजूला ओढला, तेव्हा कुठं फरशी निघाली.

एकदा झालं असतं तर केवळाबाईनं नवसावर भागवलं असतं. साडेचार महिन्यांत सात वेळा झालं. कुणी ‘पाऊसपाणी आलं का’ म्हटलं, कुणी ‘पोष्ट आलं’ म्हटलं, की सिंधु पेवात. पाचव्या खेपेला तिला वर काढलं तेव्हा ओठ निळे पडले होते आणि पोर बोलत नव्हती. तोंडावर पाणी मारमारून तिला शुद्धीवर आणली. दगडोबा कोपऱ्यात तोंड लपवून बसला होता. भानावर आला की तो असाच बसायचा, लेकरासारखा, आणि मग दोन दिवस सिंधुच्या पुढून जातानाही अंग चोरायचा. मग त्याच्यावर ओरडायचं तरी कसं? केवळाबाई तरीही ओरडायचीच.

“आवो, पाह्यलं काय तुम्ही तिथं? येकदा सांगा तर खरं!”

तो मान हलवायचा. तिनं गोड बोलून विचारलं, शपथ घालून विचारलं, जेवण बंद करून विचारलं. तो एक शब्द बोलला नाही. नांगर धरायचा, बैलांना पाणी दाखवायचा, हिशेबाचं बोलायचा, आणि कुणाच्या तोंडून तो शब्द पडला की उठायचा.

पेव बुजवून टाका, असं शहाण्यांनी सांगितलं. केवळाबाईनं दोन गडी लावून बुजवलं. दगडोबानं चार दिवसांत एकट्यानं उकरून मोकळं केलं. कुऱ्हाड लपवली तर तो पहार घेऊन बसला. देवऋषी म्हणाला, बाहेरचं आहे. त्यानं लिंबू कापलं, काळी कोंबडी नेली आणि बाहेरचं होतं तिथंच राहिलं. गाव म्हणालं, भ्यालाय तो. केवळाबाई म्हणाली, “भ्याले तर समदेच हायत. म्या न्हाई भ्याले? म्या कुनाला पुरून ठिवलं का?” तिचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या वर्षी बोरखडीत घोडं खिंकाळलं तरी बायका भाकरी तव्यावर टाकून माळवदावर चढत होत्या. पण ज्यानं त्यानं आपापली भीती आपापल्या घरात निस्तरायची असा काळ होता. दुसऱ्याच्या भीतीकडं बघायला वेळ कुणाला होता?

शेवटी ती नवऱ्याला गाडीत घालून मुखेडला रेणुकादास वैद्यांकडं घेऊन गेली. म्हातारबुवांनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या, डोक्याला लावायला ब्राह्मीचं तेल दिलं आणि हळूच म्हणाले, “बाई, याच्या मनाला धक्का बसलाय. औषधानं थोडं होईल. जिथं भीती नाही अशा जागी याला चार महिने ठेवा.”

“कुठं हाय ती जागा, वैद्यबुवा?” केवळाबाई म्हणाली. “पत्ता लिहून द्या. गाडी जुपलेलीच हाय.”

वैद्यबुवांना पत्ता देता आला नाही. त्यांच्या स्वतःच्या माजघरात सोलापूरकडं निघायच्या तयारीनं वळकट्या बांधून ठेवलेल्या केवळाबाईला दिसत होत्या. तिनं तेलाची बाटली पदरात बांधली आणि घरी येईपर्यंत वैद्यांना, निजामाला, बैलांना, नवऱ्याला अशा शिव्या घातल्या की दगडोबाच एकदा म्हणाला, “दमशील.”

तोड निघाली ती महेबूब पिंजाऱ्याच्या तोंडून. महेबूब गाद्या पिंजायला दारोदार फिरायचा. त्यानं एकदा पेवाचा प्रकार डोळ्यांनी पाहिला होता, फरशी ओढायला त्याचाही हात लागला होता. पुढच्या खेपेला तो रस्त्यावरूनच ओरडला, “भाभी, मैं हाजिर!” दगडोबानं मान वर करून पाहिलं, आणि पुन्हा भाकरी कुस्करायला लागला. केवळाबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या दिवसापासून घरात सगळं हजर व्हायला लागलं. गाय हजर झाली, ताप हजर झाला, लिंबाला मोहोर हजर झाला. आळीनंही ऐकलं, कारण दर वेळी फरशी उचलायला आळीलाच पळावं लागत होतं. गावातले टवाळ केवळाबाईच्या घराला ‘कचेरी’ म्हणू लागले. म्हणेनात का. दीड महिना सिंधु पेवाबाहेर राहिली, आणि केवळाबाई तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात राहिली. भांडायचं झालं तरी आधी वाक्य तपासून घ्यायचं आणि मग भांडायचं, यात काय राम?

पण हे किती दिवस पुरणार? सगळ्या जगाचं तोंड थोडंच धरता येतं? एक दिवस कुणीतरी परगावचा माणूस वाटेवरून काहीतरी बोलेल, आळीतले सगळे शेतात असतील, आणि फरशी काढायला कुणी नसेल. केवळाबाईला हे दिवसाउजेडी, चूल फुंकतानाही दिसायचं. त्या वर्षी लोक रझाकारांच्या धास्तीनं पोरी घाईघाईनं उजवत होते. केवळाबाईला सिंधु उजवायची होती ती बापाच्या मायेतून सोडवायला. शेत कोरडवाहू असलं तरी चालेल, सासू खाष्ट असली तरी चालेल, फक्त घरातली माणसं डोक्यानं धड पाहिजेत, एवढीच तिची अट होती. पोरीनं तिथं जाऊन मोकळ्या तोंडानं बोलावं आणि मोकळ्या हवेत श्वास घ्यावा, आणखी काय मागत होती ती?

स्थळ आणलं दगडोबाच्या बहिणीनं, उमाबाईनं, आपल्याच गावातलं. हणमंतराव म्हणून शेतकरी, त्यांचा एकुलता मुलगा नागोराव. घर खाऊनपिऊन सुखी.

“मानसं कशी हायत?” केवळाबाईनं विचारलं.

“सोन्यासारखी,” उमाबाई म्हणाली, आणि विषय बदलला. “वयनी, दोन घटका तर बसनार हायत. तेवढं दादाला सांभाळा. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

वैशाखातला दिवस ठरला. केवळाबाईनं आळीत घरोघर जाऊन बजावलं. गुरम्माला तर देवाची आण घातली. दगडोबानं सकाळीच न्हाव्याकडून दाढी करून घेतली, धुतलेला पटका बांधला, आणि कुणी काही सांगायच्या आत म्हणाला, “म्या नीट बसतो.” केवळाबाईला भरून आलं आणि चीडही आली, कारण हा माणूस नीट बसायचं म्हणतो तेव्हा मनापासून म्हणतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पाहुणे दारात दिसताच उमाबाई ओरडली, “वयनी, पाव्हणं हजर झालं!” हणमंतरावांनी दचकून मागं पाहिलं. आपल्या पाठोपाठ कुणी अंमलदार तर नाही ना! बाप आणि लेक दोघंच होते. मुलाची आई नव्हती. गुडघे धरलेत, हणमंतराव म्हणाले. सून बघायला सासूच नाही, याचा केवळाबाईला राग आला, पण तो राग तिनं चुलीमागं ठेवून दिला.

बैठक चांगली झाली. सिंधु खाली मान घालून बसली, नाव सांगितलं, रामविजय वाचते म्हणाली. नागोराव शांत पोरगा, पोहे न सांडता खाणारा. हणमंतरावांनी शेतीचं काढलं, “औंदा तुमच्याकडं ज्वारी कशी आ–” आणि उमाबाईनं त्यांच्या तोंडापुढं लाडवाचं ताट आडवं धरलं. ते म्हणाले, “आमच्याकडं तर टोळधाड–” तेवढ्यात केवळाबाईला मोठा खोकला लागला. दोन घटकांत हणमंतरावांच्या पोटात पाच लाडू गेले, कारण प्रत्येक वाक्य त्याच वळणाला जात होतं. दगडोबा नीट बसला होता. गुडघ्यावर हात, हातावर हात, आणि वरच्या हाताची बोटं खालच्या हातात रुतलेली.

शेवटी हणमंतराव उठले. मुलगी पसंत पडल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पायरीवर उभं राहून त्यांनी हात जोडले, “बरं, येतो आम्ही.”

दगडोबा हलला नाही. तो शब्द वेगळा होता. केवळाबाईचा जीव भांड्यात पडला. आता फक्त ‘या’ म्हणायचं होतं. निघालेल्या माणसाला आपल्यात ‘जा’ म्हणत नाहीत. निघणारा ‘येतो’ म्हणतो, घरचे ‘या’ म्हणतात, तान्ह्या पोरालाही हे शिकवावं लागत नाही. पण सहा महिन्यांत या घरातून पाहुणा म्हणून कुणी निघालाच नव्हता. आळीतली माणसं मुकाट उठून चालती व्हायची. हजर व्हायचं कसं हे केवळाबाईनं बसवलं होतं. निरोप द्यायचा कसा हे बसवायचं राहूनच गेलं होतं. सहा महिने त्या शब्दाच्या आसपासचा प्रत्येक शब्द गिळायची सवय लागलेल्या तिच्या जिभेनं आताही आवंढा गिळला, आणि तिच्या तोंडून निघालं, “जावा.”

हणमंतराव थबकले.

आपण काय बोललो हे तिला कळलं, आणि सावरायच्या घाईत ती पुन्हा म्हणाली, “जावा, बरं जावा.”

सोयरीक जुळवायला आलेल्या माणसाला, उंबऱ्यावर, दोनदा. असं तिरडीला म्हणतात. हणमंतरावांचा चेहरा उतरला. “चल नागू,” ते म्हणाले. “शकुन बरा न्हाई.”

“वयनी, या म्हना!” उमाबाईनं तिला कोपरानं ढोसलं. “तोंड काय शिवलं का? या म्हना की!”

केवळाबाईनं तोंड उघडलं. शब्द एवढासा, एका अक्षराचा. तो निघेना. ओठाशी येऊन परत जायला लागला. आपण इतके दिवस नवऱ्याला सांभाळत होतो असं तिला वाटत होतं, आणि तिचीच जीभ भीतीनं लुळी पडली होती. याचा तिला जो संताप झाला तो आजवर कशाचाच झाला नव्हता. पाहुणे अंगण ओलांडत होते. सिंधु दारात उभी होती. केवळाबाई फुटली.

“शकुन? शकुन बघून राहिलाव तुम्ही? सहा महिने ह्या घरात मानसाला धड बोलता येईना! माझी पोरगी मरून राहिली हितं! ह्यो मानूस बाजारला जातो काय, वेड घिऊन परततो काय! ‘आले’ म्हनायचं न्हाई! का? तर ह्याला भ्या वाटतं! आले! आले! आले! म्हनले बघा! आता करा काय करायचं ते!”

बोलून झाल्यावर तिला कळलं. दगडोबा उठला होता.

पुढचं सारं नेहमीचं, फक्त नव्या लुगड्यातली पोर होती आणि बघायला पाहुणे होते. दंड, अंगण, पेव, फरशी, कुऱ्हाड. केवळाबाई फरशीवर हात आपटायला लागली. आळीतले पुरुष नेमके रानात होते. नागोराव धावला तशी दगडोबानं कुऱ्हाड उगारली, आणि नागोराव जागच्या जागी थांबला.

हणमंतरावांनी मुलाला मागं सारलं. डोक्यावरचा पटका काढून बाजूला ठेवला आणि दगडोबाच्या पुढ्यात, कुऱ्हाड पोचेल एवढ्या अंतरावर, मातीत बसले.

“पाव्हणं, म्या त्याच गावचा हाय. त्या दिवशी म्या बी घरात होतो.”

“तुमचं मागनं सांगा!” केवळाबाई किंचाळली. “पोरगी कोंडून मरंल!”

हणमंतरावांनी तिच्याकडं पाहिलं नाही. “येक पोरगी आमचं दार वाजवून राहिली होती. मावशी दार उघडा, मावशी दार उघडा. आमच्या मंडळीनं आतून कडी धरून ठिवली. म्या बी उघड म्हनलं न्हाई. मंग वाजायचं थांबलं.”

दगडोबाची कुऱ्हाड तशीच वर होती. ओठ हलले. “हिरव्या चोळीची?”

“व्हय.”

“ती तुमच्या दारावरून माझ्याकडं पळत निघाली. म्या समोरच्या कडब्याच्या गंजीत होतो. माझ्याम्होरून गेली. हात लांब केला असता तर आत वढता आली असती.” सहा महिन्यांत तो इतकं बोलला नव्हता. “हात निघाला न्हाई माझा.”

“आमचा बी न्हाई निघाला,” हणमंतराव म्हणाले. “हिला हितं कोंडून ती पोरगी आता वाचनार न्हाई, पाव्हणं. उठा.”

दगडोबा उठला. कुणी ओढला नाही. फरशी त्यानंच सरकवली. नागोरावानं पालथं पडून आत हात सोडला आणि सिंधुला वर घेतलं. ती खोकत होती, केसांत जुन्या ज्वारीचं भूस अडकलं होतं. नवं लुगडं मातीत लोळलं होतं. केवळाबाईनं तिला पोटाशी धरलं, तिच्या पाठीवर थापट्या मारल्या, आणि पोर श्वास घेते आहे एवढी खात्री झाल्यावर तिचा राग नवऱ्याकडं वळला. सहा महिने आपण विचारून विचारून मेलो. शपथा घातल्या, उपास केले. आपल्याला नाही सांगितलं, आणि या पहिल्यांदा भेटलेल्या माणसाला सांगितलं! ती हे त्याला बोलणार होती, पण दगडोबा तिथंच बसून ढसढसा रडत होता आणि हणमंतरावांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. ती नाइलाजानं पोरीच्या केसांतलं भूस वेचायला लागली.

थोड्या वेळानं हणमंतराव म्हणाले, “आता आमचं बी सांगतो. मंडळीचे गुडघं धड हायत. त्या दिवसापासून तिला दार लावलेलं चालंना. आधी कड्या काढल्या. मंग सुतार बोलवून दारंच उतरवली, वाड्याची, माजघराची, गोठ्याची. शेजाऱ्याचं दार लागलं तर जाऊन उघडती. हितं आणली असती तर तुमची समदी दारं उघडत फिरली असती. तीन ठिकानी बोलनं मोडलं आमचं. म्हनून लपवलं. चुकलं.”

केवळाबाईनं उमाबाईकडं पाहिलं. “तुम्हाला ठावं होतं?”

“दोन्हीकडलं ठावं होतं,” उमाबाई म्हणाली, “म्हनून तर जमवून राहिले.”

केवळाबाईला हसावं की त्या बाईचं डोकं फोडावं हे कळेना. डोक्यानं धड माणसांचं घर, एवढंच तर मागितलं होतं. ही तर आगीतून फुफाट्यात टाकायची गोष्ट. आणि या दिवसांत बिनदाराचं घर? कुत्री शिरतील, चोर शिरतील, आणि ज्यांच्या नावानं मुलूख कापतो ते शिरले तर? कोणती आई तरणी पोर अशा घरात देईल? निजामाला, रझाकारांना, वैद्याला, आपल्या नशिबाला, कुणाला धरून बडवावं म्हणजे हे सगळं नीट होईल, हेच तिला समजेना. तिनं हात जोडले. “हणमंतराव, तुम्ही भले हाव. पन म्या पोरगी–”

“येक बी दार न्हाई?”

सिंधुनं विचारलं होतं. बघायला आलेल्यांपुढं मुली आपणहून बोलत नाहीत. तिचा आवाज पेवातल्या धुळीनं बसला होता.

“न्हाई बाई,” हणमंतराव ओशाळून म्हणाले. “येक बी न्हाई.”

“आन् पेव?”

“हाय. पन फरशी न्हाई त्याला. तिनं विहिरीत ढकलून दिली.”

सिंधुनं आईच्या पदरानं तोंड पुसलं. मग ती आईकडं वळली.

“माय,” ती म्हणाली, “मला ह्याच घरी दे.”

केवळाबाईनं दगडोबाकडं पाहिलं. तो मान खाली घालून होता. त्यानं ती तशीच हलवली, होकाराची. केवळाबाई पदर डोळ्यांना लावून उठली आणि उमाबाईवर खेकसली, “बघून काय राहिल्या? सुपारी आना!”